घाटातला सांधा आणि सर्व्हरची मांडणी

‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य आता आपल्या खेड्यापाड्यांत रुळले आहे. सातबाऱ्याचा उतारा काढायला गेलेल्या शेतकऱ्याच्या कानी ते पडते. पीकविम्याची मुदत संपायला दोन दिवस उरले असले म्हणजे तर हमखास पडते. शाळेची माहिती भरण्यासाठी रात्री जागणाऱ्या शिक्षकाला ते पाठच झालेले असते. पाऊस लांबला, वीज गेली, तसाच हा सर्व्हर पडला, असे म्हणून आपण घरी परततो. पण पाऊस दैवाच्या हाती आहे आणि सर्व्हर माणसाच्या हाती आहे, हा भेद आपण विसरतो. सर्व्हर पडतो त्या दिवशी जी चूक उघडी होते, ती बहुतेक वेळा फार आधी, तो सर्व्हर बसवताना, झालेली असते. या मांडणीच्या चुका कोणत्या आणि त्या कशा टाळाव्या, याचा विचार आज आपण करू. त्यासाठी दूर जायला नको. आपल्या इगतपुरीच्या घाटाचा इतिहास या कामी उत्तम उपयोगी पडतो.

आधी शब्दांची ओळख करून घेऊ. सर्व्हर म्हणजे अनेकांना एकाच वेळी माहिती पुरवणारा संगणक. असे शेकडो, हजारो संगणक लोखंडी घोड्यांवर रचून, त्यांना अखंड वीज आणि थंड हवा देऊन जेथे ठेवतात, ते डेटा सेंटर. आपण त्याला माहितीचे कोठार म्हणू. मुंबईत आणि नवी मुंबईत अशी पुष्कळ कोठारे उभी राहिली आहेत. हजार यंत्रांपुढे हजार माणसे बसवता येत नाहीत. म्हणून त्यांच्यावर एक कारभारी नेमतात, आणि हा कारभारी म्हणजेही एक सॉफ्टवेअरच. कोणते यंत्र चालू आहे, कोणते तापले आहे, कोणाला नवा कार्यक्रम द्यावयाचा, कोणाला बंद करून पुन्हा सुरू करावयाचे, हे सारे तो पाहतो. कारभारी शहाणा असला तर चार माणसांत हजार यंत्रे चालतात. त्याची नेमणूकच चुकीची झाली, तर एका हुकुमासरशी ती हजारही यंत्रे झोपतात.

आता घाटाकडे वळू. कसाऱ्याहून इगतपुरीला चढणारा थळघाटाचा लोहमार्ग १ जानेवारी १८६५ रोजी वाहतुकीला खुला झाला. सुमारे १५ किलोमीटरांत गाडी जवळजवळ ३०० मीटर वर येते. सर्वांत कठीण जागी ३७ फूट पुढे जावे तेव्हा १ फूट चढण, असा उतार आहे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांनी हा मार्ग आखला. तो पुरा झालेला पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. १८६२ साली ते वारले. त्यांच्याच आखणीतला बोरघाटाचा मार्ग १८६३ साली सुरू झाला होता. तेथला एक मोठा दगडी पूल १८६७ च्या पावसाळ्यात कोसळला. चार वर्षे त्यावरून गाड्या गेल्या होत्या, सारे ठीक दिसत होते. दोष बांधकामाच्या दगडचुन्यात होता, तो बाहेर पडायला चार पावसाळे लागले. मांडणीच्या चुकीचा स्वभाव असा असतो. ती पहिल्या दिवशी दिसत नाही, ओझे आणि पाऊस एकदम आले म्हणजे दिसते.

पण याच घाटांनी मांडणीचा एक उत्तम धडाही दिला आहे. इगतपुरीहून खाली उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक निकामी झाले तर काय? यासाठी उताराच्या वाटेवर बाजूला फाटे काढलेले आहेत. त्यांना कॅच सायडिंग म्हणतात. हे फाटे डोंगराकडे चढत जातात. बेफाम आलेली गाडी त्या चढावर आपोआप थांबते. आता यातली खुबी बघा. सांधा एरवी कोणीकडे लावलेला असतो? आपल्याला वाटेल, मुख्य मार्गाकडे. तसे नाही. तो नेहमी फाट्याकडेच लावलेला असतो. गाडी ठरल्या जागी थांबली, म्हणजे ती ताब्यात आहे हे तिने सिद्ध केले, की मग सांधा मुख्य मार्गाकडे फिरतो. ज्याने ही व्यवस्था केली त्याने मनाशी वाईटात वाईट धरले होते : ब्रेक गेला आहे, ड्रायव्हरचे लक्ष नाही, रात्रीची वेळ आहे, धुके दाटले आहे. कोणी काहीच केले नाही तरी जे घडेल, ते सुरक्षितच घडले पाहिजे.

सर्व्हरच्या मांडणीतली पहिली मोठी चूक नेमकी येथे होते. प्रत्येक सर्व्हरच्या पोटात एक छोटा स्वतंत्र संगणक असतो. सर्व्हर बंद असला तरी हा जागा असतो. दुरून हुकूम देऊन त्याच्याकरवी सर्व्हर चालू करता येतो, बंद करता येतो, पुसून नव्याने उभाही करता येतो. १९९८ साली काही मोठ्या कंपन्यांनी मिळून या कामाची आयपीएमआय नावाची सामाईक रीत ठरवली. सोय मोठी झाली. परंतु कारखान्यातून निघताना या छोट्या संगणकाला जे नाव आणि जो परवलीचा शब्द दिलेला असे, तो पुष्कळ ठिकाणी तसाच राहू लागला. तो तर छापील पुस्तिकेतच असतो! त्यातून कित्येकांनी हे दार थेट इंटरनेटवर उघडे ठेवले. शेवटी २०१३ साली अमेरिकेच्या सरकारी संगणक-सुरक्षा विभागाला याबद्दल जाहीर इशारा द्यावा लागला. वाड्याला भक्कम दिंडी दरवाजा बसवावा आणि किल्ली उंबऱ्याशी ठेवून झोपी जावे, त्यातला हा प्रकार. उपाय सोपा आहे. यंत्र पेटीतून काढल्याच्या दिवशीच परवलीचा शब्द बदलावा, आणि प्रत्येक यंत्राला निराळा द्यावा. ज्या वाटेने कारभारी हुकूम पाठवतो ती वाट सार्वजनिक रहदारीपासून वेगळी ठेवावी. आणि दार मुळात बंद धरावे; ज्याला खरोखर काम आहे त्याच्यापुरतेच ते उघडावे. म्हणजेच सांधा आधी फाट्याकडे लावावा.

वेगळ्या वाटेचे मोल घाटातल्या माणसांना ठाऊक होते. रुळांच्या कडेने तारायंत्राची तार जात असे. गाडी बोगद्यात अडकली तरी तिची बातमी काही अडकत नसे, कारण बातमी रुळांवरून चालत नव्हती. ही गोष्ट विसरल्याचे फळ ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकला मिळाले. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका हुकुमाने त्यांची कोठारे जोडणारे अंतर्गत जाळेच तुटले. दुरुस्तीची साधनेही त्याच जाळ्यावर अवलंबून होती, त्यामुळे तीही बंद! माणसांना प्रत्यक्ष कोठारांत जाऊन यंत्रांशी भिडावे लागले. सुमारे सहा तास जगभरचे फेसबुक आणि व्हॉट्सॲप ठप्प झाले. विहिरीत पडलेली बादली काढायचा गळ त्याच बादलीत ठेवू नये, हे आपल्याकडचे पोरसुद्धा जाणते.

दुसरी चूक घड्याळाची. आगगाडी आली तेव्हा आपल्या देशात गावोगाव आपापली वेळ होती. सूर्य डोक्यावर आला की दुपार. एका मार्गावर गाड्या चालवायच्या तर हे चालेना. १८७० साली रेल्वेने मद्रासची वेळ सर्वत्र धरली. तेव्हा इगतपुरीच्या स्टेशनातले घड्याळ आणि गावातली दुपार यांत जवळजवळ अर्ध्या तासाचे अंतर पडत असे. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबई शहराने आपली निराळी वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. माणसे ‘कोणत्या वेळेने?’ असे एकमेकांना विचारून घेत. यंत्रे विचारत नाहीत, ती आपल्या घड्याळावर निमूट विश्वास ठेवतात.

शंभर सर्व्हरांची घड्याळे थोडी थोडी पुढेमागे झाली तर काय बिघडते? पहिली गोष्ट ही की, अपघात झाला तर आधी काय घडले आणि मागाहून काय, याचा पंचनामाच होऊ शकत नाही, कारण प्रत्येकाच्या नोंदवहीत निराळी वेळ असते. दुसरे असे की, ओळख पटवणाऱ्या काही व्यवस्थांत पाच मिनिटांहून अधिक फरक पडला की बरोबर परवलीचा शब्द देऊनही दार उघडत नाही. माणूस शब्दात चूक शोधत बसतो, चूक असते घड्याळात. यंत्रांची घड्याळे परस्पर जुळवण्याची रीत डेव्हिड मिल्स यांनी १९८५ साली मांडली, ती सुधारत सुधारत आजही चालू आहे. मांडणी करताना एवढे पाहावे : सर्व यंत्रांना एकच प्रमाणवेळ द्यावी, आणि ती एकाच ठिकाणाहून घेऊ नये. दोन घड्याळे निराळी वेळ दाखवू लागली तर खरे कोणते हे ठरवता येत नाही. म्हणून जाणकार निदान चार ठिकाणांहून वेळ घ्यायला सांगतात.

तिसरी चूक खानेसुमारीची. आपल्याकडे किती यंत्रे आहेत, कोणत्या कामाची, कोणाच्या ताब्यात, त्यांवर कोणता कार्यक्रम कोणत्या आवृत्तीचा आहे, याची पक्की यादीच पुष्कळ ठिकाणी नसते. जमिनीला सातबारा आहे, तसा यंत्राला पाहिजे. तो नसला म्हणजे काय होते, याचे उदाहरण अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर दलाली करणाऱ्या कंपनीचे आहे. तिच्या एका कामाला आठ सर्व्हर होते. नवा कार्यक्रम सातांवर चढवला गेला, आठवा राहिला. त्या आठव्यावर वर्षानुवर्षे न वापरलेला एक जुना कार्यक्रम निजून होता. १ ऑगस्ट २०१२ रोजी बाजार उघडताच तो जागा झाला आणि भराभर सौदे करीत सुटला. सुमारे पाऊण तासात कंपनीला ४४ कोटी डॉलरांहून अधिक खोट आली, आणि पुढल्याच वर्षी ती दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. बाजार उघडण्याआधी यंत्रांनी इशाऱ्याचे ९७ संदेश पाठवले होते, पण ते धोक्याचा इशारा म्हणून वाचायचे, असे कोणाला नेमून दिलेले नव्हते. एकाने केलेले काम दुसऱ्याने तपासावे, असा लेखी नियमही नव्हता.

यावरून कोणी म्हणेल, मग सर्व यंत्रांवर एकदमच बदल करावा. तेही नको. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीने आपल्या सुरक्षा सॉफ्टवेअरचा एक सदोष बदल जगभर एकदम धाडला, आणि सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. त्या दिवशी आपल्याकडील विमानतळांवरही प्रवाशांना हाताने लिहिलेले पास द्यावे लागले. नवे बियाणे आले तर शहाणा शेतकरी आधी एका वाफ्यात पेरतो. उगवण पाहतो, मग रान भरतो. कारभारी सॉफ्टवेअरलाही हीच शिस्त घालून द्यावी : आधी एक यंत्र, मग दहा, मग सारी, आणि शेवटी यादीशी ताळा, की एकही मागे राहिले नाही.

चौथी चूक समजायला पुन्हा इगतपुरीच्या यार्डात यावे लागते. मुंबईकडून या घाटातून वर आलेली वीज १५०० व्होल्टची, एकदिश होती. पुढे १९६० च्या दशकाच्या अखेरीस इगतपुरीच्या पलीकडे भुसावळच्या दिशेने जी वीज आली, ती २५,००० व्होल्टची आणि प्रत्यावर्ती. त्यामुळे इगतपुरीला इंजिने बदलावी लागत. मागाहून दोन्ही विजांवर चालणारी इंजिने आली. २००६ साली घाटातली वीजही बदलली आणि हा प्रश्न मिटला. पण इतकी वर्षे एकाच यार्डात दोन जातींची वीज नांदली. वरची तार दुरून सारखीच दिसते! तिच्यात कोणती वीज आहे हे डोळ्यांनी कळत नाही. म्हणून तेथे आठवणीवर किंवा अंदाजावर काम चालत नसे. पाट्या, नियम आणि प्रत्येक वेळची खात्री, यांवर चाले.

सर्व्हरांचेही तसेच. चालू कामाचा सर्व्हर आणि राखीव सर्व्हर पडद्यावर अगदी सारखे दिसतात. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत रात्री उशिरापर्यंत काम करणाऱ्या एका अभियंत्याने राखीव समजून चालू सर्व्हरवरचीच माहिती पुसली. ध्यानात येईतो सुमारे ३०० गिगाबाइट माहिती गेली होती. मग राखून ठेवलेल्या प्रती काढू लागले, तो नेहमीची प्रत घेण्याचे काम कधीचे फसत होते असे आढळले. फसल्याचे पत्र यंत्र पाठवीत होते, पण ते पत्रही मध्येच नाकारले जात होते. सुदैवाने त्याच अभियंत्याने सहा तास आधी दुसऱ्या कामासाठी एक प्रत घेतलेली होती, तीवर निभावले. मधल्या सहा तासांची माहिती मात्र गेलीच. यातून दोन नियम निघतात. चालू आणि राखीव यंत्रांची नावे आणि पडद्यांचे रंग वेगळे ठेवावेत. आणि प्रत घेतली एवढ्यावर समाधान मानू नये. त्या प्रतीवरून यंत्र पुन्हा उभे राहते का, हे ठराविक दिवसांनी खरोखर करून पाहावे. कणगीत भरलेले बी उगवते की नाही, हे पेरणीच्या दिवशी कळून काय उपयोग?

प्रत कोठे ठेवली, हेही तितकेच महत्त्वाचे. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली आणि वरच्या मजल्यांवरील कागदपत्रे जळाली. कागदाचे तसे, तसेच यंत्राचे. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे एका मोठ्या कंपनीचे माहितीचे कोठारच जळाले. ज्यांनी आपली प्रत त्याच आवारात ठेवली होती, त्यांची मूळ माहितीही गेली आणि प्रतही गेली.

मग दोन जागी दोन कोठारे ठेवली की झाले? येथे पाचवी चूक दबा धरून बसलेली असते, आणि तिचे उदाहरण आपल्या मुंबईचेच आहे. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी नॅशनल स्टॉक एक्स्चेंजचे व्यवहार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबवावे लागले. मुख्य कोठार आणि जवळचे राखीव कोठार यांना जोडणाऱ्या दूरसंचाराच्या तारा बिघडल्या होत्या. त्या दोन कंपन्यांकडून घेतलेल्या होत्या, तरी दोन्ही गेल्या. तारा गेल्या तरी मुख्य कोठाराने एकट्याने काम चालवावे, अशी मूळ योजना होती. प्रत्यक्षात माहिती साठवणारी यंत्रणा हाती लागेनाशी झाली, आणि तिच्यामागून जोखमीचा हिशेब ठेवणारी यंत्रणा बंद पडली. बाजार पुन्हा उघडला तो दुपारी पावणेचारला, आणि त्या दिवशी पाच वाजेपर्यंत चालवावा लागला. आधाराला दिलेला टेकूच ऐन वेळी घर हलवतो, तो असा.

दुहेरी व्यवस्थेची मूळ अडचण समजून घेऊ. दोन भाऊ नदीच्या दोन तीरांवर राहतात आणि घरचा हिशेब दोघेही लिहितात. पूर आला, निरोप बंद झाले. पलीकडचा भाऊ मेला, की नुसता निरोप येत नाही? हे कळायला मार्ग नाही. दोघेही स्वतःला कर्ता समजून हिशेब लिहू लागले, तर पूर ओसरल्यावर दोन वह्यांचा मेळ बसणार नाही. दोघेही भिऊन थांबले, तर घर थांबेल. तोड आपल्या जुन्या माणसांनी काढलेली आहे : पंच विषम संख्येचे असावेत. तीन ठिकाणी मत ठेवले म्हणजे ज्याच्या बाजूला दोन, तो कर्ता; एकटा पडेल त्याने मुकाट्याने थांबावे. सर्व्हरांची मांडणी करताना हा तिसरा पंच नेमायचे पुष्कळदा राहून जाते, किंवा त्याला दोहोंपैकी एकाच्याच घरात बसवतात. आणि तार तोडून पाहण्याची रंगीत तालीम तर फारच थोडे लोक करतात.

शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्या शाळेत हजार सर्व्हर नसतील. दहा संगणकांची एक खोली असेल. तिलाही हेच नियम लागू आहेत. येत्या आठवड्यात वरच्या वर्गातील मुलांना घेऊन एक वही करा. प्रत्येक यंत्राला क्रमांक द्या आणि त्यावर काय काय आहे ते लिहा. घड्याळे जुळली आहेत का, ते पाहा. कारखान्याचे किंवा दुकानदाराने घातलेले परवलीचे शब्द बदला. निकालपत्रकांची एक प्रत शाळेबाहेर, विश्वासाच्या जागी ठेवा, आणि महिन्यातून एकदा ती उघडून पाहा. आणि आपल्यापैकी जे ग्रामपंचायतीत, सोसायटीत, सेतू केंद्रात काम पाहतात, त्यांना एक विनंती. नवी यंत्रणा बसवायला माणूस आला, तर ‘चालू झाली का?’ एवढेच विचारून सही करू नका. ‘वीज गेली, तार तुटली, माणूस चुकला, तर ही यंत्रणा काय करील? ते आत्ता माझ्यासमोर करून दाखवा,’ असे म्हणा, आणि ते पाहिल्यावरच सही करा. पीकविम्याच्या शेवटच्या दिवशी रांगेत उभ्या असलेल्या शेतकऱ्याचे काम त्या सहीवर अवलंबून असते.